एक दार पुढे

साऱ्या भंडारा जिल्ह्यात माझ्या मामाजींइतका भाडेकरूला भिणारा घरमालक झाला नाही, हे मी कोणत्याही कोर्टात शपथेवर सांगेन. लोक वाघाला भितात, सापाला भितात, आमच्या तुमसरात तर काही भली माणसं फक्त बायकोला भीत. मामाजी यातल्या कशालाच भीत नसत. कोठारात निघालेला नाग त्यांनी एकदा सुपाने हळूहळू ढकलत, ‘चला जी, चला, घरी कोणी वाट पायत असन,’ असं म्हणत कुंपणाबाहेर काढून दिला होता. पण हातात ट्रंक घेतलेला एखादा सभ्य माणूस फाटकात उभा राहून ‘खोली मिळेल का?’ असं विचारू लागला, की मामाजींचा चेहरा उतरे. जणू तो खोली मागायला नव्हे, घराचा कागद आपल्या नावावर करून घ्यायला आला आहे. आणि तरीही त्यांना घरमालक व्हायचं होतं. व्हायचंच होतं.

मामाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाजीच म्हणतात. मी दिघोरीचा. बाप धान पिकवणारा, आजा धान पिकवणारा, त्याच्या मागचं कोणाला ठाऊक नाही, पण तेही धानच पिकवत असणार. कॉलेजचं तोंड पाहिलेला आमच्या घराण्यातला पहिला माणूस मी, हे मी अजूनही कोणी न विचारता सांगतो. सत्तरीच्या दशकात तुमसरच्या कॉलेजात नाव घातलं आणि बी.ए. होईपर्यंत आत्याकडेच राहिलो. मामाजी तेव्हा धानाच्या बाजारात मापारी होते. दिवसभर काट्याजवळ उभं राहून पोती मोजायची आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात आकडा ओरडायचा, हे त्यांचं काम. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, ही मापाऱ्यांची जुनी रीत. लाभ, दोन, तीन, चार. ही रीत मामाजी घरी येतानाही सोबत घेऊन येत. ताटात पहिली पोळी पडली की ‘लाभ’. विहिरीतून पहिली बादली आली की ‘लाभ’. शिंका मोजतानासुद्धा पहिली शिंक ‘लाभ’ असे आणि ती लाभल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसे.

भाडेकरूची ही भीती त्यांच्या मनात कशी शिरली, ते आधी सांगायला हवं. मामाजींच्या वडिलांच्या गावी थोड्या बांध्या होत्या. बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं वावर. मामाजी मापारी म्हणून तुमसरला आले तेव्हा त्यांनी त्या बांध्या शेजारच्या एका माणसाला ‘या साली तू कर’ म्हणून दिल्या. त्या एका सालाची पुष्कळ सालं झाली, मग कूळकायदा आला आणि बांध्या त्या माणसाच्या झाल्या. माणूस काही वाईट नव्हता. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला त्याच बांध्यांमधल्या नव्या धानाचे पोहे घेऊन तो तुमसरला येई, पाया पडे आणि चहा पिऊन जाई. तो फाटकाबाहेर पडला की मामाजी म्हणत, ‘पाहा, माहेच पोहे मलेच आणून देते लेकाचा!’ आणि मग आत्याला म्हणत, ‘थोडे अजून दे वं. पोहे चांगले हायेत.’ पण त्या प्रकरणातून त्यांनी आयुष्याचं एक शास्त्र काढलं होतं. जो राहिला, त्याचं झालं. त्यातून गंमत अशी, की त्याच कायद्याने माझ्या वडिलांना मालगुजाराची जमीन मिळाली होती आणि त्या जमिनीच्या धानावर मी शिकत होतो. त्यामुळे मामाजी मला लाडात आले म्हणजे ‘बी.ए. साहेब’ म्हणत आणि चिडले म्हणजे ‘कुळाची अवलाद’.

घराच्या मागच्या बाजूला त्यांचं एक लांबच लांब कोठार होतं. आपणही धान भरून ठेवावं, भाव आला की विकावं, अशी हौस त्यांना एकदा आली होती. धान भरलं, पण भाव येण्याआधी उंदीर आले. तेव्हापासून कोठार रिकामं होतं. आत्या रोज त्या कोठाराकडे पाही आणि रोज एकच बोलणं काढी. ‘पोरगा नाई, पोरगी नाई. तुमचा आवाज बसला का मापारीपण संपलं. मंग खाऊ काय? त्या कोठाराच्या खोल्या काढा, चार बिऱ्हाडं ठेवा. म्हातारपणी कोणाच्या दारी जावं नाई लागन.’ मामाजींनाही हे पटत असे. कोणाच्या दारी जायचं नाही, हाच तर त्यांचा खरा ध्यास होता. पण कोणाला आपल्या दारात येऊ द्यायचं, म्हणजे तो जाणार कधी, हा प्रश्न त्यांना झोपू देत नसे. शेवटी आत्या जिंकली. कोठाराच्या चार खोल्या झाल्या.

झाल्या म्हणजे काय, मामाजींनी केल्या. गवंड्याला हाताशी धरून स्वतः उभे राहिले आणि मधल्या भिंती पुरुषभर उंचीच्या झाल्यावर म्हणाले, ‘बस. याच्यावर माणूस कुठं रायते?’ त्यामुळे चारही खोल्यांवर छप्पर एकच आणि भिंतींच्या वर सगळं मोकळं. एका खोलीत फोडणी पडली की चारही खोल्यांत ठसका लागे. पहिल्या खोलीत नवऱ्याने विचारलं, ‘माही टोपी कुठं हाये?’ तर तिसऱ्या खोलीतून उत्तर येई, ‘खुंटीवर पाहा जी.’ पावसाळ्यात भिंतींच्या सांदीतून जुन्या धानाला कोंब फुटत आणि मामाजी ते कोंब पाहून खूश होत. दारांवर त्यांनी गेरूने नंबर घातले. पहिल्या दारावर अर्थातच ‘लाभ’. मग दोन, तीन, चार.

आता भाडेकरू. मामाजी भाडेकरू पारखत ते मुलीला स्थळ पाहावं तसे. सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसवत, गूळ-पाणी देत, गाव विचारत, गावातली बोडी, म्हणजे लहान तळं, कोणत्या अंगाला आहे ते विचारत. आणि मग शेवटी डोळे बारीक करून खरा प्रश्न टाकत. ‘किती दिवस रायता जी?’ या प्रश्नाला जगातला प्रत्येक घरमालक जे उत्तर ऐकायला तरसतो, तेच उत्तर दिलं की माणूस गेलाच म्हणून समजा. एक कारकून आला होता. साधा, निर्व्यसनी, वेळेवर भाडं देईल असा. तो बिचारा हात जोडून म्हणाला, ‘आता कुठं जातो जी? मेलो तरी तुमच्याच पायाशी.’ मामाजी ताडकन उठले. ‘नाई जी, खोली रिकामी नाई.’ ‘पण चारही दारं उघडी दिसून राहिलीत...’ ‘हवा खाऊन राहिली ती!’ तो गेल्यावर मला म्हणाले, ‘पायलंस? अजून ट्रंक ठेवली नाई आन मराची गोष्ट करून राहिला. असा माणूस जाते का कधी?’ खोल्या मिळाल्या त्या ‘जातो जी’ म्हणणाऱ्यांना. राईस मिलमधल्या मिस्त्रीला मिळाली, कारण तो म्हणाला, हंगामापुरता आलो आहे. (त्याचा हंगाम मी बी.ए. झालो तरी संपला नव्हता.) आणि सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सबाईंना मिळाली, कारण त्या म्हणाल्या, ‘बदली येईपर्यंत.’ बदली हा शब्द ऐकून मामाजींना इतका आनंद झाला, की त्यांनी आत्याला हाक मारून त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा चहा ठेवायला लावला.

खोली दिल्यावर नियम सुरू होत. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. ‘आज खिळा, उद्या खुंटी, परवा तसबीर. एकदा भिंतीवर आज्याची तसबीर लागली का तो माणूस हालत नाई.’ अंगणात झाड लावायचं नाही. मिस्त्रीच्या बायकोने एकदा भोपळ्याचा वेल लावला, तर मामाजींनी तो मुळासकट काढला, फेकला मात्र नाही, एका फुटक्या टोपल्यात लावून तिच्या दारात ठेवला आणि म्हणाले, ‘असा ठेवा. जाताना सोबत नेता येते.’ आणि इतकं करून हाच माणूस सकाळी भाजीची जुडी चार दारांवर वाटत फिरे. मिस्त्रीच्या पोरीला ताप आला तर हेच डॉक्टरच्या दारात जाऊन बाजारात ओरडावं तसं ओरडत. पोहे आले की आधी चार वाट्या तिकडे जात, मग घरात. मी एकदा म्हटलं, ‘मामाजी, यांना इतकं खाऊ घालता, हे जातील कशाला?’ ते म्हणाले, ‘घरात आलेल्याले उपाशी ठेवू का मंग? तुह्या कॉलेजात हे शिकवते काय?’

पण या सगळ्यावर कळस म्हणजे पाडव्याची फिरती. आमच्याकडे शेतावरचा सालगडी पाडव्याला बदलतो, नवं साल पाडव्याला लागतं. मामाजींनी ते भाडेकरूंना लावलं. कोणी एका खोलीत दोन सालं राहिला की तिथं त्याला मूळ फुटतं, तेव्हा दर पाडव्याला प्रत्येकाने एक दार पुढे सरकायचं, असा त्यांनी कायदा केला. लाभचा दोनमध्ये, दोनचा तीनमध्ये, तीनचा चारमध्ये आणि चारचा परत लाभमध्ये. ‘धान निघालं का बांधीत लाखोरीची डाळ टाकतो का नाई? जमिनीले बी पालट लागते, माणसाले बी लागते.’ तुमसरच्या त्या उन्हात सकाळपासून चार संसार अंगणात यायचे. बाजा, चुली, कंदील, लोणच्याच्या बरण्या, भोपळ्याची टोपली. मधोमध मामाजी उभे, डोक्याला पांढरा दुपट्टा, हात वर. ‘लाभ उचला! दोन थांबा, दोन! तीनची बाज निघू द्या!’ सारी आळी पाहायला यायची. दुपारपर्यंत सगळे आपापल्या नव्या दारात बसत आणि आत्या सगळ्यांना पुरणपोळी वाढे. मिस्त्री घाम पुसत मला म्हणे, ‘बाबू, मिलमधी पट्टा फिरते, अठी माणूस फिरते.’ माझीही सुटका नव्हती. मी तर घरचा, पण माझी बाज पाडव्याला सपरीच्या डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात जाई. कुळाची अवलाद ना मी.

मी नवा नवा शिकत होतो, त्यामुळे लोकांना शहाणं करण्याची हौस भारी. एकदा मी त्यांना बसवून सांगितलं, ‘मामाजी, तो कायदा वावराचा आहे. घराचा नाही. घराचे कायदे वेगळे.’ ‘वावराचाच होता का?’ ‘वावराचाच.’ ‘मंग घराचा उद्या येईन.’ ‘आणि आलाच, तर खोली बदलून काय होणार? माणूस तर तुमच्याच घरात राहतो ना?’ यावर ते माझ्याकडे इतक्या कीवेने पाहत राहिले, की मला माझ्या शिक्षणाचीच शंका यायला लागली. ‘तू कागदाचं सांगून राहिला बाबू. मी माणसाचं सांगून राहिलो. बांध्या कागदानं नाई गेल्या. तो रोज सकाळी त्या बांधावर बसे, म्हून गेल्या.’

आता नर्सबाईंच्या आईचं सांगतो. नर्सबाईंसोबत त्यांची म्हातारी आई राहत असे. सगळे तिला डोकरीच म्हणत. डोळे जवळजवळ गेलेले, पण जीभ अगदी शाबूत. पहिल्या पाडव्याला त्या दोघी ‘दोन’मधून ‘तीन’मध्ये सरकल्या. डोकरीला ते सांगितलं होतं, पण पायांना कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी ती विहिरीवरून आली ती सरळ ‘दोन’मध्ये शिरली, मिस्त्रीच्या चुलीपुढे बसली आणि मिस्त्रीच्या बायकोला रागावू लागली. ‘पोरी, माहं मीठ कुठं ठेवलंस? आन तुहा आवाज असा काहून येऊन राहिला? सर्दी झाली काय?’ मिस्त्रीची बायकोही तशीच. तिने मुकाट्याने मीठ हातात दिलं आणि डोकरीला जेवू घालून पाठवलं. साऱ्या आळीला हे हसायला पुरलं. मामाजीही हसले. डोकरी स्वतःही हसली.

दुसऱ्या पाडव्यानंतर मात्र कोणी हसलं नाही. ‘चार’मध्ये चूल दाराच्या उजवीकडे होती. आतापर्यंत ती डावीकडे असायची. डोकरी आधारासाठी भिंत चाचपायला गेली आणि तिचा तळहात तापल्या तव्यावर पडला. भिंतीवरून तिचा ओरडा चारही खोल्यांत ऐकू आला. मामाजीच आधी धावले, त्यांनीच तिचा हात पाण्यात धरला. नर्सबाई ड्यूटीवरून आल्या, पट्टी बांधली आणि सपरीत येऊन उभ्या राहिल्या. शांत बाई, कधी आवाज चढवत नसत. म्हणाल्या, ‘काकाजी, तुमचं आमच्यावर लक्ष आहे, मी नाही म्हणत नाही. पण पुढच्या पाडव्याले आई हलणार नाही. तिले आता ही खोली शिकायले साल लागन. हलवायचंच असन, तर मी दुसरीकडे घर पाहते. शहापूरले माझी बहीण आहे, नाहीतर आईले तिकडे ठेवते.’ डोकरी आतून ओरडली, ‘मी नाई जात शहापूरले! जावयाच्या घरी मराले पाठवते काय मले?’ भिंती पुरुषभर उंचीच्या, तेव्हा हे सगळ्यांनीच ऐकलं.

आत्या त्या रात्रीपासून मामाजींशी कामापुरतं बोलू लागली आणि ते साल जसजसं सरत गेलं, तसतसं कामही कमी होत गेलं. डोकरी दिवसभर ‘चार’ शिकत होती. दारापासून चूल, चुलीपासून बाज, बाजेपासून मडकं. एक हात भिंतीवर, तोंडाने काहीतरी पुटपुटत. मामाजी सपरीतून तिच्याकडे पाहत बसत. एके दिवशी मी अभ्यास करत होतो तर मध्येच म्हणाले, ‘एकाच सालाची गोष्ट होती, बाबू.’ मला वाटलं, डोकरीचं बोलत आहेत. ‘त्या बांधीवाल्यानं बी असंच म्हटलं होतं. बायको बाळंतीण हाये, औंदाचं साल राहू द्या. मी म्हटलं, राहू दे. आपुन एकदा राहू दे म्हटलं का मंग...’ ते थांबले. मी विचारलं, ‘मग नाही म्हणायचं होतं का तेव्हा?’ तर म्हणाले, ‘बाळंतीण होती ना ते.’ आणि उठून बैल नसलेल्या गोठ्यात उगाच काहीतरी शोधत राहिले.

पाडवा आला. नर्सबाईंनी बहिणीकडे निरोप धाडलेला, बांधाबांध करून ठेवलेली. मिस्त्रीने सवयीने बाज अंगणात काढली. आत्या पुरण वाटत होती, पण तो पाटा-वरवंट्याचा आवाज सणाचा वाटत नव्हता. डोकरी ‘चार’च्या उंबरठ्यावर दोन्ही हातांनी चौकट धरून बसली होती. मामाजी आले. डोक्याला दुपट्टा, हातात ओल्या गेरूचं मडकं आणि एक कुंचला. साऱ्यांना वाटलं, देवाला काही करायचं असेल. ते ‘चार’च्या दाराशी गेले, डोकरीला म्हणाले, ‘मान खाली घाल वं माय,’ आणि तिच्या डोक्यावरच्या फळीवरचा ‘चार’ ओल्या फडक्याने पुसून तिथे त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘लाभ’. मग पहिल्या दारावरचा ‘लाभ’ पुसून तिथे ‘दोन’. दोनच्या जागी ‘तीन’. तीनच्या जागी ‘चार’. मडकं खाली ठेवून मागे सरकले आणि बाजारातल्या आवाजात ओरडले, ‘झाली फिरती! प्रत्येकजण एक दार पुढे गेला! मिस्त्री, बाज आत घ्या!’

कोणाला काही कळेना. मग मिस्त्रीने बोटांवर हिशेब केला, बाजेवर बसला आणि हसायला लागला. ‘काकाजी, माणूस जागीच, दारच फिरलं!’ मामाजी गंभीरपणे म्हणाले, ‘कायदा म्हणजे कायदा. कालपर्यंत हे डोकरी चारमधी होती, आज लाभमधी हाये. रायली काय ते जुन्या खोलीत? नाई ना? मंग?’ डोकरीने विचारलं, ‘म्हणजे मी हालली का नाई?’ ‘हाललीस ना वं माय.’ ‘मंग चूल?’ ‘तुह्या सोबत आली.’ डोकरीने हात लांब करून चूल चाचपली. चूल जिथल्या तिथे होती. नर्सबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्या दिवशी आत्याने मामाजींच्या पानात न मोजता पोळ्या वाढल्या आणि त्यांनीही मोजल्या नाहीत.

त्यानंतर दर पाडव्याला नंबरच फिरत राहिले. दारांवर गेरूचे थर चढले, तीनच्या पोटात दोन, दोनच्या पोटात लाभ. पोस्टमन बिचारा नवा असला की पहिले काही महिने मिस्त्रीची पत्रं डोकरीला मिळत आणि ती आल्यागेल्याकडून वाचून घेई. मामाजींनी आणखी एक गोष्ट केली. अंबाडीचा दोर वळला आणि डोकरीच्या दारापासून विहिरीपर्यंत, खुंट्या रोवून, कमरेइतक्या उंचीवर बांधून दिला. अंगणात खुंट्या! ज्या माणसाने भिंतीत खिळा ठोकू दिला नाही, त्याने. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, ‘खुंट्या माह्या हायेत. तिच्या नाईत.’

मी बी.ए. झालो, भंडाऱ्याला नोकरी लागली, लग्न झालं. तुमसरला जाणं सणावारी होऊ लागलं. मामाजींचा आवाज खरंच बसला, बाजार सुटला, पण आत्या म्हणत होती तसं खोल्यांनी त्यांना तारलं. कोणाच्या दारी जावं लागलं नाही. डोकरी त्याच खोलीत गेली, शेवटपर्यंत सगळ्यांना रागावत. आणि तिच्या मागोमाग, ऐंशीच्या दशकात कधीतरी, नर्सबाईंची बदली आली. मी तेव्हा तिथेच होतो. नर्सबाई किल्ली घेऊन सपरीत आल्या. मामाजी किल्लीकडे पाहत राहिले. ‘हे काय जी?’ ‘बदली आली काकाजी. जायचं आहे.’ ‘जायचं? काहून?’ ‘मी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, बदली येईपर्यंत.’ मामाजी म्हणाले, ‘ते तर तवा... तवा विचाराचं म्हून विचारलं होतं जी.’ आयुष्यभर त्यांनी भाडेकरू जाणार नाही याचीच तयारी केली होती. भाडेकरू जातोही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. टांगा निघाला तेव्हा मामाजी फाटकापर्यंत गेले आणि परत येताना, डोळे चांगले असूनही, त्या दोराला हात लावत लावत आले.

पुढे किती तरी दिवस त्यांनी ती खोली कोणाला दिली नाही. त्या पाडव्याला गेरूचं मडकंही निघालं नाही. कोणी विचारलं की म्हणत, ‘हवा खाऊन राहिली.’ आत्याने भुणभुण लावली, तेव्हा कुठे ते तयार झाले.

मी गेलो होतो त्या दिवशीच एक तरुण मास्तर ट्रंक घेऊन आला. सोबत बायको, पहिलीच नोकरी. मिस्त्रीने त्याला फाटकाशीच गाठून पढवलेलं मी पाहिलं होतं. मामाजींनी बसवलं, गूळ-पाणी दिलं, गावची बोडी विचारली. मग डोळे बारीक केले. ‘किती दिवस रायता जी?’ मास्तर पाठ केल्यासारखा म्हणाला, ‘एकच साल, काकाजी. साल झालं का लगेच सोडतो.’

मामाजींचा चेहरा पडला. पूर्वी ट्रंक पाहून पडे, तसाच.

‘एक साल?’ ते म्हणाले. ‘मंग कायले येता जी? ट्रंक उघडाले बी साल लागते.’

मास्तर गोंधळला. त्याने मिस्त्रीकडे पाहिलं, मिस्त्रीने आभाळाकडे. मास्तरची बायको मात्र धीट होती. पदर सावरत म्हणाली, ‘खरं सांगू का काकाजी? आमाले रायचंच हाये. जेवढं ठेवान तेवढं.’

मामाजी उठून आत गेले आणि येताना हातोडी आणि एक गंजलेला खिळा घेऊन आले. दोन्ही मास्तरच्या हातात ठेवत म्हणाले, ‘देवाची तसबीर असन ना सोबत? लावून घ्या.’

मास्तर खोलीत गेला. आम्ही सपरीत बसून राहिलो. जरा वेळाने पुरुषभर उंचीच्या त्या भिंतीवरून ठोकण्याचा आवाज आला. मामाजींनी डोळे मिटले होते. आवाज कधीच बसला होता, पण ओठ हलत होते. लाभ... दोन... तीन...